कृष्णाभाऊंचं शेंडेनक्षत्र

कृष्णाभाऊंचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरलेला आहे. कॅमेऱ्याची बॅग त्यांनी कायम त्याच खांद्याला अडकवली. आता बॅग नसते, तरी खांदा वर आलेला नाही. शर्ट एका बाजूनं घसरल्यासारखा दिसतो. लांबून येताना मी त्यांना त्यावरूनच ओळखतो.

मुकुंदवाडीत त्यांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन दुकानांमधली बोळ, तिला शटर लावलेलं. आत एक पांढरा पडदा, एक निळा पडदा, एक स्टूल आणि एक आरसा. आरशाशेजारी कंगवा दोरीनं बांधलेला. लोक तो खिशात घालून नेत, म्हणून बांधलेला. गाव देवगाव रंगारी. थोरला भाऊ तिथं शेती बघतो. कृष्णाभाऊ शहरात आले आणि लग्नांत फोटोग्राफरच्या मागं लाइट धरायला लागले. लाइट धरता धरता कॅमेरा हातात आला. आणि मग लोकांची लग्नं, बारशी, साखरपुडे, ओळखपत्रं यांत ते म्हातारे व्हायला लागले.

मी त्यांच्या अल्बमवरच्या ओळी लिहायचो. मराठीत एम.ए. केलं, त्याचा पहिला उपयोग असा झाला. फोन यायचा.

"कवी, दोन ओळी पाहिजेत. नवरा रडलाय, नवरी नाय. त्या हिशोबानं लिही."

मी लिहायचो. कधी कधी त्यांच्याबरोबर लग्नालाही जायचो. तिथं मी त्यांना नीट पाहिलं. हळदीपासून पाठवणीपर्यंत ते उभेच असत. जेवायला बसत ते बँडवाल्यांच्याही नंतर. तोवर वरण गार झालेलं असे आणि मठ्ठा तेवढा उरलेला असे. दिवसभर त्यांच्या तोंडात एकच वाक्य. "जरा इकडं बघा." एकदा असंच शेवटच्या पंगतीत बसलो होतो. मांडववाले खुर्च्या उचलत होते. ते जिलबी मोडत म्हणाले, "मी इकडं बघा म्हणतो आन् लोक काचेकडं बघत्यात. एवढ्या सालांत माझ्याकडं कुणी बघितलं नाय." तक्रार नव्हती. दमलेला माणूस बोलतो तसं ते बोलले.

पुढं लोकांच्या हातात मोबाईल आले. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो तेवढे राहिले. चोवीस सालच्या गणपतीत त्यांच्या बायकोनं, तनुजावहिनींनी, आपल्या भावाला सांगून शेंद्र्याच्या एका कंपनीत त्यांच्यासाठी स्टोअरची नोकरी बघितली. कोजागिरीनंतरच्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. गाळा सोडला. कॅमेरा बिडकीनच्या विशाखाला द्यायचं ठरलं. विशाखा वाढदिवसाचे आणि लग्नाआधीचे फोटो काढते. तिनं कोजागिरीच्या दुपारी येऊन कॅमेरा न्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काम होतं.

दसऱ्याला मी सोनं द्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांची आई, भागूबाई, पूजा मांडून बसल्या होत्या. पाटावर गावाकडचा विळा, एक खुरपं, तनुजावहिनींची कात्री आणि मधोमध कॅमेरा. कॅमेऱ्याला झेंडूची माळ. वर हळदीकुंकू. भिंगाचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं होतं.

"माय, झाकण कशाला काढलं?" कृष्णाभाऊंनी विचारलं.

"डोळा झाकून पूजा असती व्हय रे? देवाला तरी झाकतो का आपण?"

"बरं."

"दरसाल मी झाकणावरच लावायचे. औंदा जाणार हाय तो. नीट करू दे."

 त्यांच्या घरी पूजेच्या वस्तूवरचं हळदीकुंकू पुसत नाहीत. वापरता वापरता आपोआप जाईल तेवढं जाऊ द्यायचं. गाडीवरचं, शिलाई मशीनवरचं, सगळंच.

मला दारापर्यंत सोडायला आले तेव्हा ते म्हणाले, "कवी, एक फोटो काढायचाय."

"कुणाचा?"

"कुणाचाच नाय."

मला कळलं नाही. ते पायरीवर बसले. मीही बसलो.

"मी जे काढलं ते सगळं लोकांच्या कपाटात हाय," ते म्हणाले. "माझ्या घरात मी काढलेला एक फोटो नाय. मायचा काढायचा म्हणलं तर म्हणती, हार घालायची घाई झाली का तुला? कॅमेरा जायच्या आधी एक पाहिजे. ज्यात माणूस नाय. ज्याला इकडं बघ म्हणायचं काम नाय. पेपरात आलंय बघ, शेंडेनक्षत्र निघालंय. सूर्य बुडाला की पश्चिमेला. शुक्राजवळ. थोडेच दिवस हाय म्हणे."

"कॅमेरा बुधवारी जाणार ना?"

"म्हणून तर."

रविवारी आम्ही माझ्या गाडीवरून शरणापूरकडं गेलो. ते मागं बसलेले, मांडीवर बॅग, हातात आडवं धरलेलं स्टँड. भांगसीमाता गडाच्या पायथ्याशी नवरात्रातली दुकानं उठलेली होती. नारळाच्या शेंड्या वाऱ्यावर इकडं तिकडं फिरत होत्या. पलीकडच्या माळावर त्यांनी स्टँड उभं केलं. सूर्य दिसलाच नाही. ढग होते. भुरभुर पाऊस आला. कृष्णाभाऊंनी शर्ट काढून कॅमेऱ्यावर टाकला आणि बनियनवर उभे राहिले. अंधार पडल्यावर आम्ही परत आलो. 

सोमवारी ढग कमी होते. आम्ही त्याच जागी स्टँड लावलं. कृष्णाभाऊ भिंगाच्या मागं वाकले, तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"ओ साहेब! मोजणी कशाची?"

अंगात स्वेटर घातलेला एक म्हातारा काठी आपटत येत होता. स्वेटरची थंडी अजून सुरू झाली नव्हती.

"मोजणी नाय बाबा. फोटो काढतोय," कृष्णाभाऊ म्हणाले.

"तिकाटणं लावून फोटो?" म्हाताऱ्यानं स्टँडला काठी लावली. "मागं असंच दोघं आले. म्हणले फोटोच काढतोय. मंग रस्ता आला. माझ्या हिरीवरून. कोणत्या गटाचा फोटो काढता?"

"आभाळाचा."

"आभाळाचा?"

"शेंडेनक्षत्र निघालंय. त्याचा."

म्हातारा जरा निवळला. तात्यासाहेब म्हणतात मला, म्हणाला. पलीकडचं रान त्याचंच होतं. तो आमच्या शेजारी दगडावर बसला.

"शेंडेनक्षत्र निघालं की राजा जातो म्हणत्यात."

"आता राजा कुठं राहिलाय?" मी म्हणालो.

"सरपंच हाय की," तात्यासाहेब आशेनं म्हणाले.

कृष्णाभाऊ हसले. त्या चार दिवसांत ते तेवढंच हसले.

पण फोटो मिळाला नाही. वाळूजच्या बाजूला आभाळ पिवळं झालं. क्षितिजावर धुरकट पट्टा होता आणि सगळं त्यात बुडालं. कृष्णाभाऊ फोटो काढत राहिले. स्क्रीनवर नुसता मळका पिवळा रंग यायचा. शेवटी त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि मागं वाकले. पाठीचा कडकन झालेला आवाज मलाही ऐकू आला.

"जावा घरी," तात्यासाहेब म्हणाले. "आभाळ काय पळून जात नाय."

"ते नाय जात," कृष्णाभाऊ म्हणाले. "बाकी सगळं जातंय."

मंगळवारी तात्यासाहेब आले नाहीत. आभाळ बरं होतं. खाली ढगांचा एक पट्टा होता, त्याच्या वर मोकळं. सूर्य गेला. थोड्या वेळानं पट्ट्याच्या वर एक ठळक ठिपका दिसायला लागला. कृष्णाभाऊंनी कॅमेरा तिकडं वळवला. बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला. स्क्रीनवर फोटो आला.

ठिपका होता. आणि त्याला शेपटी होती. तिरकी, लांब, पिवळसर.

"आला," ते म्हणाले.

मी स्क्रीनवर वाकलो. मग आभाळाकडं पाहिलं. तिथं नुसताच ठिपका होता.

"डोळ्यांना शेपटी दिसत नाही," मी म्हणालो.

"पेपरात तेच लिहिलंय की. डोळ्यांना दिसत नाय, कॅमेऱ्याला दिसती."

"मग शुक्र कुठाय?"

"असंल ढगात."

खाली ढग होतेच. शुक्र त्यात आहे, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. त्यांनी अजून काही फोटो काढले. सगळ्यांत शेपटी होती. मग ते खाली मातीत बसले. पाय लांब केले. कॅमेरा दोन्ही हातांत धरून ते बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. 

"ओळ लिही," ते म्हणाले. "याच्यावर लिही."

मी तिथंच लिहिली. जाताना मागे उजेड ठेवून जातो तो, असं काहीतरी. तेव्हा मला ती बरी वाटली होती.

घरी आल्यावर त्यांनी तो फोटो माझ्या ओळीसकट सगळ्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत तो आमच्याकडंच चारही बाजूंनी परत आला. शहरातल्या बातम्यांच्या एका ग्रुपवर मथळा होता, 'संभाजीनगरच्या फोटोग्राफरनं टिपला धूमकेतू'. खाली त्यांचं नाव. ज्यांनी लग्नाचे फोटो त्यांच्याकडून काढले होते, त्यांचे फोन आले. देवगावहून थोरल्या भावाचा आला. कृष्णाभाऊंनी लॅबमधून मोठी प्रत काढून आणली, चौकट करून. भागूबाईंनी ती टीव्हीच्या वर लावायला लावली आणि शेजारच्या कडूबाईंना बोलावून आणलं. "माझ्या किसनानं काढला. त्याच्याच घरात हाय, लोकाच्या नाय." तो फोटो अजून तिथंच आहे.

दुपारी विशाखा आली. स्टुडिओतून सामान काढून झालं होतं. पडदे घडी करून स्टुलावर ठेवलेले होते. कंगवा तेवढा दोरीला लटकत होता.

"सर, फोटो लई भारी आलाय," ती आल्या आल्या म्हणाली. "मी स्टेटसला ठेवलाय. याच कॅमेऱ्यावर काढला ना? म्हणजे माझा कॅमेरा आता फेमस."

"याच्यावरच," कृष्णाभाऊ म्हणाले. त्यांनी दाढी केली होती.

तिनं कॅमेरा हातात घेतला. बटणं दाबून पाहिली. बॅटरीचं दार उघडून पाहिलं. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढला. मग दारात जाऊन समोरच्या सलूनचा काढला. सलूनच्या आरशावर बल्बांची माळ आहे. ती दिवसाही चालू असते. विशाखानं स्क्रीनवर बल्ब मोठा करून पाहिला. मग दुसरा. मग तिसरा.

"सर," ती हळू म्हणाली. "बल्बला शेपटी आलीय."

कृष्णाभाऊ पुढं झाले. मीही झालो. सलूनच्या प्रत्येक बल्बला शेपटी होती. तिरकी, लांब, पिवळसर. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. टीव्हीच्या वरच्या फोटोतली शेपटी तशीच कललेली होती.

विशाखानं भिंग उजेडात धरून तिरकं केलं. काचेवर आडवे ओरखडल्यासारखे चट्टे दिसले. पुसल्याचे. कडेला थोडी पिवळी झाक. कृष्णाभाऊंनी कडेवर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं.

"तूप हाय," ते म्हणाले.

 सलूनमधून कात्रीचा आवाज येत होता. कृष्णाभाऊंनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"माय, दसऱ्याला कॅमेऱ्याच्या काचेला बोट लावलं होतं का?"

"लावलं होतं की. निरांजन लावता लावता. मंग वाटलं, काच हाय, डाग पडंल. पदरानं पुसून काढली लगेच. चकाचक केली. तुझ्या वस्तूला मी घाण ठेवीन व्हय? का रे, काय झालं?"

"काय नाय."

"आज लवकर ये. दूध आटवतेय."

"येतो. बरं केलं पुसलं ते."

त्यांनी फोन ठेवला. स्टुलावरच्या पडद्यांवर बसले. मला तेव्हा नीट कळलं. आम्ही शुक्राचा फोटो काढला होता. आणि त्याला तुपाची शेपटी लावली होती. मी त्याच्याखाली ओळ लिहिली होती.

"सर, मी कुणाला बोलणार नाही," विशाखा म्हणाली.

"कुणाला कळणारे?" मीही म्हणालो. "लोकांना फोटो आवडलाय."

कृष्णाभाऊंनी आमच्याकडं पाहिलं. रागानं नाही. लग्नात पाहुणे स्टेजवरून हलत नाहीत तेव्हा ते असंच बघायचे. मग त्यांनी फोन परत हातात घेतला आणि एका बोटानं लिहायला लागले. शब्द सापडत नव्हते म्हणून नाही, त्यांना तसंच लिहिता येतं. बराच वेळ लागला. लिहून सगळ्या ग्रुपवर टाकल्यावर माझा फोन वाजला. मी वाचलं.

'कालचा फोटो शेंडेनक्षत्राचा नाही. शुक्र आहे. काच खराब होती. चूक माझी आहे. कृष्णा.'

 कुणी विचारलं नव्हतं. कुणी पकडलं नव्हतं. कॅमेरा संध्याकाळी बिडकीनला जाणार होता आणि ते सोमवारी शेंद्र्याला. तो फोटो तसाच राहिला असता. त्या निरोपाला कुणाचंही उत्तर आलं नाही. एकानं अंगठा दाखवला. दुसऱ्यानं त्याच्याच खाली तो शुक्राचा फोटो पुन्हा टाकला, 'अभिमान आहे' असं लिहून.

कृष्णाभाऊंनी बॅगेतून मऊ फडकं काढलं. काचेवर वाफ सोडली आणि गोल गोल फिरवत पुसायला लागले. विशाखा बघत होती.

"विशाखाताई," ते म्हणाले, "आजची संध्याकाळ तुमचा कॅमेरा वापरू का?"

त्यांनी तिला आधी कधी ताई म्हटलं नव्हतं.

"सर, असं नका म्हणू," ती म्हणाली. "मी रात्री नेते. तोवर तुमचाच आहे. मी पण येते. मलाही बघायचंय."

आम्ही तिघं गेलो. ती तिच्या गाडीवर, आम्ही माझ्या. माळावर पोहोचलो तेव्हा सूर्य गेलेला होता. पाठीमागं कोजागिरीचा चंद्र वर येत होता. मोठा. त्याच्या उजेडात आमच्या सावल्या पुढं पडल्या होत्या.

"एवढ्या चांदण्यात दिसणार आहे का?" मी विचारलं.

"बघू."

समोर शुक्र होता. त्यांनी आधी त्याचाच फोटो काढला. स्क्रीनवर गोल ठिपका आला. शेपटी नव्हती. ते मान हलवून पुढं झाले. विशाखानं फोनवर काहीतरी वाचलं आणि म्हणाली, शुक्राच्या वर बघायचं, जरा उजवीकडं. त्यांनी कॅमेरा वर केला. तिथं काहीच नव्हतं. निळसर रिकामं आभाळ. त्यांनी त्याचेच फोटो काढायला सुरुवात केली. एक काढायचा, बघायचा, कॅमेरा जरासा सरकवायचा, पुन्हा काढायचा. लग्नात पाहुण्यांच्या रांगेचे काढतात तसे. न कंटाळता नाही. कंटाळूनच, पण न थांबता.

बांधावरून काठीचा आवाज आला. "झाली का मोजणी?"

"चालूय, तात्यासाहेब," मी म्हणालो.

तात्यासाहेब त्यांच्या दगडावर बसले. विशाखाकडं पाहून म्हणाले, "आता मॅडम बी आल्या. आता रस्ता नक्की."

कृष्णाभाऊ थांबले. स्क्रीनवर त्यांनी एक फोटो मोठा केला. मधोमध एक पुसट डाग होता. नखाएवढा. वर निमुळता होत गेलेला.

त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि काच पुसली. पुन्हा फोटो काढला. डाग तिथंच होता. त्यांनी पुन्हा पुसली. यावेळी वाफ सोडून, कडेपासून मधोमध. पुन्हा काढला. डाग होता. मग त्यांनी कॅमेरा थोडा डावीकडं वळवला. फोटोतला डाग उजवीकडं सरकला. त्यांनी फडकं परत काढलं.

"सर," विशाखा म्हणाली, "किती पुसाल? पुसून जात नाहीये तो."

त्यांचा हात थांबला.

ते स्क्रीनकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघत होतो.  कालच्यासारखे ते खाली बसले नाहीत. नुसता चेहरा सैल झाला, जसा पाठवणीची गाडी निघून गेल्यावर व्हायचा.

"बघू," तात्यासाहेब उठून आले. डोळे बारीक करून पाहिलं. "हे? एवढंच?"

"एवढंच," कृष्णाभाऊ म्हणाले.

"याच्यासाठी चार दिस?"

"व्हय."

तात्यासाहेबांनी आभाळाकडं पाहिलं, मग पुन्हा स्क्रीनकडं. "याच्यानं सरपंचाला काय होत नाय," ते म्हणाले आणि बांधाच्या दिशेनं निघाले.

कृष्णाभाऊंनी अजून एकच फोटो काढला. मग आतलं कार्ड काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं. भिंगाला झाकण बसवलं. बॅग विशाखाच्या खांद्याला अडकवताना पट्टा जरा आखडून दिला. "डाव्या खांद्यावर सारखी ठेवू नका," म्हणाले. "बदलत जा."

"हो सर."

"कवी, याच्यावर ओळ नको."

"नाही लिहीत," मी म्हणालो.

विशाखा पैठण रस्त्याच्या बाजूला वळली. तिच्या गाडीचा मागचा लाल दिवा थोडा वेळ दिसला. आम्ही शहराकडं निघालो. मिटमिट्याच्या पुढं गच्च्यांवर लोक जमले होते. कुठं तरी गाणी लागली होती. आटवलेल्या दुधाचा वास येत होता. मी विचारलं, "माय जागी असतील ना?" मागून उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. आधी मला वाटलं, काही सांगायला पुढं वाकलेत. मग श्वास ऐकू आला.

ते झोपले होते. एक हात शर्टाच्या खिशावर होता.

मी गाडी हळू केली. पुढं सगळे गतिरोधक होते. मी एकेक बघून ओलांडत गेलो.